ऑफरोड रायडर आणि पोलीस चेकिंग : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, मी आपला चिखलात गाडी घालणारा माणूस, पण बऱ्याच वेळा थांबवलं गेलोय आणि त्यानंतर कायद्याची पानं स्वतः वाचली आहेत. केस अंगावर आली असेल तर वकील गाठा, इथली उत्तरं रस्त्यावरच्या त्या पहिल्या दहा मिनिटांसाठी आहेत.

कच्च्या रस्त्यावर, माळावर गाडी चालवतोय म्हणजे ऑफरोड, मग तिथे लायसन्स आरसी कशाला लागतं?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये डांबर आहे की माती असा प्रश्नच नाहीये, तिथे शब्द आहे सार्वजनिक ठिकाण. कलम २(३४) बघा, जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट, रस्ता, जागा त्यात येते, ती थेट कुठे जात असो वा नसो. म्हणजे गावाची पाणंद, नदीकडे उतरणारी बैलगाडीची वाट, धरणाच्या भिंतीखालचा रस्ता हे सगळं सार्वजनिकच धरून चाला. तिथे लायसन्स, नंबर, इन्शुरन्स, हेल्मेट सगळं लागतं, आणि तिथे तुम्हाला पोलीस थांबवू शकतात.

खाजगी ट्रॅक, कुंपण घातलेलं शेत, मालकाच्या परवानगीने वापरलेली जागा ही वेगळी गोष्ट. पण त्या शेतापर्यंत गाडी चालवत गेलात तर तो मधला रस्ता सार्वजनिकच होता ना, तिथेच लोक अडकतात.

पोलिसांनी थांबवलं तर नक्की काय दाखवावं लागतं?

कलम १३० सांगतं की सार्वजनिक ठिकाणी युनिफॉर्ममधल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं तर ड्रायव्हरने लायसन्स दाखवायचं. इथे कुठल्याही हा शब्द महत्वाचा, कारण बरेच जण हवालदारासमोर छाती काढून म्हणतात की पीएसआयला बोलवा मग दाखवतो. तसं नाहीये. दंड कोणी घ्यायचा, कुठल्या हुद्द्याच्या माणसाने, हे कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं, पण लायसन्स बघायला मागायचा अधिकार वर्दीतल्या कॉन्स्टेबललाही आहे.

त्याशिवाय आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९ मध्ये २०१८ साली बदल झाला आणि हे सगळं कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवलं तरी चालतं. डिजीलॉकर आणि एमपरिवहन मधले कागद ओरिजिनलच्या बरोबरीने धरा असं केंद्राने राज्यांना कळवलेलं आहे. पण गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सअपवर भावाने पाठवलेली आरसी म्हणजे डिजीलॉकर नव्हे, हे लक्षात घ्या.

आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट. ऑफरोडला जातो तिथे नेटवर्क नसतं, फोन ओला झालेला असतो आणि ग्लोव्ह काढले तरी चिखलाच्या बोटाने स्क्रीन चालत नाही. लायसन्स आणि आरसीची कार्डं झिपलॉक पिशवीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. साहेब एक मिनिट लोड होतंय, साहेब एक मिनिट, असं पंधरा मिनिटं चाललं की समोरचा माणूस चिडणारच, तोही उन्हात उभा आहे.

नाव पत्ता सांगायला नकार दिला तर?

नका देऊ नकार. गप्प राहायचा हक्क वगैरे जे विदेशी व्हिडिओ बघून लोक बोलतात ते इथे जसंच्या तसं लागू होत नाही. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही हे खरं, पण नाव पत्ता सांगणं म्हणजे कबुलीजबाब नाही.

उलट, एरवी ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकले नसते त्यातही नाव पत्ता न सांगितल्यामुळे अटक होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, जी १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली, तिचं कलम ३९ हेच सांगतं : पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा घडला आणि माणसाने नाव पत्ता दिला नाही किंवा खोटा दिला असं वाटलं, तर खरा पत्ता कळेपर्यंत ताब्यात घेता येतं, कळला की बॉण्डवर सोडायचं, आणि २४ तासात कळलाच नाही तर मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्येही नाव पत्ता न देणाऱ्याबद्दल तरतूद आहे. म्हणजे हेल्मेटच्या दंडावर मिटलं असतं ते प्रकरण स्वतःच्या तोंडाने पोलीस ठाण्यापर्यंत न्यायचं, कशाला.

कुठून आलात, ग्रुपमध्ये कोण कोण आहे, पुढचे तिघे कुठे गेले, असल्या प्रश्नांना मात्र लांबलचक गोष्टी सांगत बसू नका. जेवढं खरं आणि गरजेचं तेवढं बोला, अंदाजाने काहीही सांगू नका.

आधार मागितलं तर द्यावंच लागतं का?

लायसन्स दाखवलं की तुमची ओळख पटली. ड्रायव्हिंगच्या तपासणीसाठी आधार सोबत ठेवा असं मोटार वाहन कायद्यात नाही. मागे बसलेल्या माणसाला तर लायसन्स असायचीही गरज नाही, त्याच्याकडे ड्रायव्हरचे कागद मागता येत नाहीत. पण त्याने हेल्मेट घातलेलं नसेल तर तो वेगळा विषय, मग नाव त्याचंही विचारतील.

पोलिसाने चावी काढून घेतली, हे चालतं का?

मोटार वाहन कायद्यात चावी काढा, हवा सोडा, असं कुठेही लिहिलेलं नाही. तरीपण होतं. अशावेळी हात झटकणं, चावी ओढणं हे अजिबात करू नका, कारण भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, हे चावीपेक्षा फार महाग पडतं. इंजिन स्वतः बंद करा, साईड स्टँड लावा, हेल्मेट काढा, चेहरा दिसू द्या. माझा अनुभव असा की स्वतः इंजिन बंद केलं तर चावीकडे हात जातच नाही. रायडर थ्रॉटल फिरवत उभा असला की समोरच्याला वाटतं हा पळणार, आणि खरं सांगायचं तर बरेच जण पळतातही.

नंबर प्लेट काढून ठेवली तर काय होतं? दगडावर आपटून तुटते हो.

माहितेय तुटते. माझीही तुटली होती, आणि मी शहाणपणा करून ती बॅगेत टाकली. परत येताना फाट्यावर नाकाबंदी. प्लेट बॅगेत, आरसी फोनमध्ये, फोन बंद. हवालदार काकांनी काही न बोलता स्वतःची पाण्याची बाटली घेतली, हँडलच्या खाली मानेवर पाणी ओतलं, अंगठ्याने चिखल पुसला आणि चॅसी नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत मशीनमध्ये टाकला. गाडी माझीच निघाली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चोरीची वाटावी म्हणून एवढे कष्ट घेतले होय?" यावर काय बोलणार.

प्लेट बॅगेत असणं म्हणजे प्लेट नसणंच. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, कंपनीकडूनच येते आणि ती स्नॅप लॉकने बसते, एकदा काढली की तोच लॉक परत लागत नाही. आधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची केली आहे. त्यामुळे टेल टायडी, म्हणजे मागचा लांब मडगार्ड काढून लावतात ती आखूड प्लेटपट्टी, लावायची असेल तरी प्लेट दिसेल, वाचता येईल अशीच ठेवा, आणि रस्त्यावर परत लागायच्या आधी बाटलीभर पाणी तिच्यावर मारा. चिखलाने झाकलेली प्लेट मुद्दाम झाकली आहे असंच बघणाऱ्याला वाटतं.

माझी डर्ट बाईक ट्रॅकसाठीच विकतात, तिला नंबरच मिळत नाही. मग?

मग ती रस्त्यावर उतरवायचीच नाही, अगदी पेट्रोल पंपापर्यंत सुद्धा नाही. कावासाकी केएलएक्स १४० आर सारख्या गाड्या किंवा आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक एटीव्ही (जाड टायरच्या, हँडलवाल्या चारचाकी) या रोड लीगल नसतात, आरटीओ पासिंग होत नाही. हिमालयन, एक्सपल्स यांचं तसं नाही, त्या रीतसर नंबरच्या गाड्या आहेत. विनानोंदणी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली तर कलम १९२ : पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड, नंतर पाच ते दहा हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद. शिवाय कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते. आणि विनानोंदणी गाडीला रस्त्याचा थर्ड पार्टी इन्शुरन्स नाही, म्हणजे कोणाला धडकलात तर सगळी भरपाई तुमच्या खिशातून, ही खरी भीती आहे, दंड त्यापुढे काहीच नाही.

एक पळवाट लोक सांगतात की २५ सीसीच्या आतलं आणि चारपेक्षा कमी चाकांचं वाहन मोटार वाहनच नाही. व्याख्येत तसं आहे खरं, पण मोठ्या माणसाची कुठली डर्ट बाईक २५ सीसीची असते.

ट्रॅक बाईक पिकअपमधून नेताना अडवलं तर?

तेव्हा ती गाडी चालवली जात नाहीये, ती माल आहे. खरेदीचं बिल, ज्यावर चॅसी आणि इंजिन नंबर आहेत, ते सोबत ठेवा, सेकंडहँड घेतली असेल तर विक्रीचा करार आणि आधीच्या मालकाचं बिल. पोलिसांची शंका एकच असते, चोरीची आहे का. बिल असलं की दोन मिनिटात विषय संपतो, नसलं की दुपार जाते.

मोठा सायलेन्सर, काढलेले आरसे, मोकळे इंडिकेटर, यावर काय होऊ शकतं?

आवाजावर सगळ्यात जास्त पकडतात आणि मला विचाराल तर बरोबरच करतात, सकाळी सहाला गावातून बोंबलत गेलात की पुढच्या रविवारी गाववालेच रस्त्यात दगड लावतात. कलम १९०(२) मध्ये आवाज आणि प्रदूषणासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशीलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं, आणि कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. क्रॅश गार्ड, हँड गार्ड यांच्यावर कोणी फारसं बोलत नाही, सायलेन्सर मात्र स्टॉकच ठेवा.

माझं मोटोक्रॉस हेल्मेट बाहेरचं आहे, डीओटी, ईसीई असे अमेरिकेचे युरोपचे सगळे मार्क आहेत, तरी पावती फाडली!

कारण आपल्याकडे दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कचं लागतं, आयएस ४१५१ प्रमाणे, आणि १ जून २०२१ पासून बिगर आयएसआय हेल्मेट बनवणं विकणंही बंद आहे. तुमचं हेल्मेट जास्त चांगलं असेल, मला पटतं, पण हा वाद रस्त्याकडेला जिंकता येत नाही. कलम १२९ आणि १९४डी : हजार रुपये आणि लायसन्स तीन महिने अपात्र असं मूळ कायद्यात आहे, जागेवर तडजोडीचा आकडा राज्याप्रमाणे बदलतो. आयएसआय मार्क असलेली मोटोक्रॉस हेल्मेटं मिळतात, रस्त्याने जाताना ती घाला.

बॅग उघडा म्हणाले तर?

कागद तपासणं आणि झडती घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. नुसत्या लायसन्स तपासणीत बॅग उघडायचा आपोआप अधिकार येत नाही. पण शस्त्र, अमली पदार्थ, चोरीचा माल असा संशय असेल तर वेगवेगळ्या कायद्यांखाली झडती घेता येते, आणि जंगलात वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ५० वनाधिकाऱ्यालाही सामान आणि वाहन तपासायचा अधिकार देतं. शांतपणे विचारा, कशासाठी आणि कुठल्या कायद्याखाली. माझी संमती नाही असं तोंडाने सांगता येतं, हाताने अडवायचं नाही. बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, त्याची नम्रपणे आठवण करून द्या. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची.

मी व्हिडिओ काढू शकतो का? हेल्मेटवर कॅमेरा असतोच.

सार्वजनिक जागी ड्युटीवरच्या पोलिसाचं शूटिंग करायला सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर २०२२ मध्ये म्हटलं की ऑफिशियल सिक्रेट्स कायद्याच्या दृष्टीने पोलीस ठाणं हे निषिद्ध ठिकाण नाही, म्हणजे तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरी कॅमेरा तोंडासमोर नाचवू नका, चालू आहे एवढं सांगा आणि हेल्मेट टाकीवर ठेवा.

बाकी तोच कॅमेरा तुमच्याविरुद्ध पण बोलतो हं. आदल्या वळणावर एका चाकावर गेला होतात तेही त्याच कार्डात आहे.

लायसन्स ठेवून घेतलं, गाडी लावून घेतली. आता?

कागद गेला तर कागद मागा. कलम २०६ खाली लायसन्स ताब्यात घेता येतं, खोटं वाटलं, माणूस पळून जाईल असं वाटलं, किंवा हेल्मेट, आवाज, रेसिंग, धोकादायक ड्रायव्हिंग अशा काही ठराविक कलमांत. पण त्याची पोच द्यावी लागते, आणि ती पोच लायसन्सच्या जागी मधल्या काळात चालते. पोच नसेल तर उद्या दुसऱ्या चौकात तुम्ही विनालायसन्स.

गाडी कलम २०७ खाली घेतली तर जायच्या आधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा आणि टूल बॅग दिसेल असे. कुठल्या कलमाखाली घेतली, कुठे ठेवणार, हे लिहून घ्या. मग कागद घेऊन अर्ज करा, प्रकरण दंडावर असेल तर तिथेच सुटते, गुन्हा दाखल असेल तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा गाडी हजर करतो असं लिहून देऊन, सोडवायची, त्यासाठी वकील लागतोच. उशीर करू नका, उघड्या आवारात पावसाळा काढलेली गाडी चालू करायला जो खर्च येतो तो दंडाच्या वर जातो.

जंगलात वनरक्षकाने अडवलं, तो काय पोलीस आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं. जंगलात त्याचे अधिकार पोलिसापेक्षा कमी समजू नका. राखीव वनात घुसणं भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ : कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय प्रवेशच नाही, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कळसूबाई हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यं आहेत, नुसते ट्रेकचे डोंगर नाहीत, आणि नकाशावर पायवाट दिसते म्हणजे गाडीला परवानगी आहे असा अर्थ होत नाही. तिथे सार्वजनिक ठिकाण की खाजगी हा वाद पण चालत नाही.

गडकिल्ल्यांवर गाडी चढवणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, माझी भाषा बिघडेल.

शेतमालक भांडायला आला, पोलिसात देतो म्हणाला.

त्याची जागा, त्याचं पीक. परवानगीशिवाय आत शिरलात आणि सांगूनही हलला नाहीत तर अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो, न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. माफी मागा, नुकसान झालं असेल तर तिथल्या तिथे भरून द्या, आणि आलात त्या वाटेने इंजिन बंद करून गाडी ढकलत बाहेर काढा. पोलीस यायच्या आधी निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

मुलाचं वय १५ आहे, त्याला मोकळ्या मैदानावर शिकवतोय.

मैदान सार्वजनिक असेल तर नको. १८ च्या खाली गाडी चालवता येत नाही, १६ नंतर फक्त ५० सीसीपर्यंतची, तीही लायसन्स काढूनच. पकडला तर कलम १९९ए खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. बंदिस्त ट्रॅकवर, कोच बघत असताना, लहान गाडीवर शिकवा, तो मार्ग मोकळा आहे.

ठाण्यात चला म्हणाले. अटक आहे की नुसतं बोलावलंय?

हे सरळ विचारा : साहेब, मी ताब्यात आहे का. नुसतं चला म्हटलं आणि तुम्ही स्वतःच्या गाडीवरून गेलात तर बाहेर पडताना कोणी काही लिहिलेलंच नसतं. अटक असेल तर कारण सांगायला लागतं, बीएनएसएस कलम ४७. घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवायला लागतं, कलम ४८. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसायला हवं, कलम ३६. चौकशीत वकिलाला भेटता येतं, कलम ३८, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला लागतं, कलम ५८, हे तर घटनेच्या कलम २२ मध्येही आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवादात्मक परिस्थिती सोडून अटक करता येत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून पाठ व्हायला हव्या होत्या, अजून होतायत.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. ग्रुपमध्ये एकाने तरी तो लिहून ठेवा, आणि तो एकजण त्या दिवशी राईडला न आलेला असला तर उत्तम, म्हणजे त्याच्या फोनला नेटवर्क असेल.

रोख पैसे मागितले, पावती नाही म्हणाले.

मग द्यायचे नाहीत, ई चलान करा म्हणायचं. ते गाडीच्या नंबरवर बसतं, नंतर ऑनलाईन भरता येतं. आवाज चढवून नाही, अगदी साध्या आवाजात, साहेब चलान करा मी भरतो. पाचशे वाचवायला दोनशे स्वतःहून पुढे करणारे आपल्यातलेच असतात, मग पुढच्या ग्रुपलाही तोच दर सांगितला जातो.

चलान चुकीचं आलंय, त्या दिवशी गाडी घरी उभी होती.

महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे, चलानातला फोटो नीट बघा आणि तुमच्या गाडीचा फोटो जोडा. टाकीचा रंग, टायर, गार्ड, यात फरक दिसला तर तोच पुरावा. मित्राला गाडी दिली होती आणि आता आठवत नाही म्हणालात तर कलम १३३ प्रमाणे कोण चालवत होतं ही माहिती द्यायची जबाबदारी मालकाची आहे. चलान पटलं नाही तर वेळेत तक्रार करा, तिथे मिटलं नाही तर कोर्टात सांगा. पण नुसतं दुर्लक्ष करून बसू नका, गाडी विकायला काढाल तेव्हा ट्रान्सफर अडकेल आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहून ते चलान वाचून दाखवेल.